जुन्या आट्यांच्या लेन्स रेंजफाइंडरवर कशा वापरायच्या: सगळा खेळ एका मिलिमीटरचा

मामाच्या गिरगावच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला एक कॅनन ५० मिमी एफ १.८ सापडली तेव्हा मला एवढंच कळत होतं की ही मागून पेचासारखी फिरवून बसवायची लेन्स आहे. कॅमेरा केव्हाच गेला होता, लेन्स तेवढी राहिली होती, जड, थंड, आणि फोकसची रिंग एवढी घट्ट की दोन्ही हात लावावे लागत होते. आज ती माझ्या बेसा आर२ए या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकांवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) आहे आणि निम्म्याहून जास्त रोल तिच्यावरच काढतो. मधल्या काळात जे चुकलो, जे शिकलो ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्या घरी कपाटात अशी एखादी लेन्स पडली असेल किंवा चोर बाजारात हाताला लागली तर तुमचे पैसे आणि रोल वाया जाऊ नयेत.

आधी थोडं मागचं सांगतो कारण ते कळल्याशिवाय अडॅप्टर कळणार नाही. लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला तेव्हा त्याची लेन्स निघत नव्हती. १९३० मध्ये लेन्स बदलता यायला लागली पण ती त्या त्या बॉडीला जुळवून दिलेली असायची, आणि १९३१ पासून लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर सगळीकडे एकच ठरलं, २८.८ मिलिमीटर. व्यास ३९ मिलिमीटर, आटे इंचाला २६. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कॅनन, निकॉन, सोव्हिएत युनियनमध्ये झोर्की आणि फेड, सगळ्यांनी याच मापाच्या लेन्स ढिगाने बनवल्या. मग १९५४ मध्ये लायकाने एम३ काढला, त्यात आटे गेले आणि बायोनेट, म्हणजे थोडं फिरवून अडकवायची बैठक, आलं, तिलाच एम म्हणतात, अंतर झालं २७.८. म्हणजे बरोबर १ मिलिमीटर कमी. हे मुद्दाम केलं होतं, जुन्या गिऱ्हाइकांच्या लेन्स फेकायला लागू नयेत म्हणून, मध्ये १ मिलिमीटरची चकती टाकली की जुनी लेन्स नव्या बॉडीवर जशीच्या तशी बसते आणि रेंजफाइंडरही चालतो. ती चकती म्हणजेच आपला अडॅप्टर. यात काच नाही, त्यामुळे फोटोच्या दर्जावर त्याचा स्वतःचा काही परिणाम नाही, पण जाडी चुकली तर मात्र सगळं चुकतं. आणि हे एकाच दिशेने चालतं बरं का, आट्यांची लेन्स एम बॉडीवर जाते, एम लेन्स जुन्या आट्यांच्या बॉडीवर जात नाही.

तुमच्याकडे झोर्की, फेड, कॅनन पी, कॅनन ७ किंवा जुना लायका थ्री असेल तर अडॅप्टरची गरजच नाही, लेन्स सरळ फिरवून बसते. लायका एम, बेसा आर२ आणि पुढचे, मिनोल्टा सीएलई, कोनिका हेक्सार आरएफ, झाइस इकॉन, एप्सन आर-डी१ या सगळ्यांना अडॅप्टर लागतो.

लेन्स खरंच त्यातली आहे का ते बघा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ३९ मिलिमीटर आटे दिसले की विकणारा सांगतो लायका स्क्रू, घ्या. पण ३९ चे आटे असलेल्या लेन्स तीन-चार जातीच्या आहेत. झेनिट हा सोव्हिएत एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दाखवणारा कॅमेरा, सुरुवातीला ३९ मिलिमीटर आट्यांचाच होता, पण त्याचं अंतर ४५.२ मिलिमीटर, आरसा मध्ये असतो ना. ती लेन्स तुमच्या अडॅप्टरवर बसेलही, पण फिल्मच्या फार जवळ येते, त्यामुळे काहीच फोकस होणार नाही, ना लांबचं ना जवळचं. दुसरी जात एन्लार्जरच्या, म्हणजे डार्करूममध्ये फोटो मोठे करायच्या यंत्राच्या, लेन्सची, त्यांचेही आटे बऱ्याचदा ३९ चेच, पण त्यांना फोकसची रिंगच नसते.

ओळखायचं कसं, तर लेन्स उलटी करा आणि मागे बघा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे आट्यांच्या आत आणखी एक पितळी किंवा अॅल्युमिनियमची रिंग असते, फोकस फिरवला की ती आतबाहेर सरकते. हिला कॅम म्हणतात. बॉडीच्या आत वरच्या बाजूला एक छोटं चाक असलेली दांडी असते, ती या रिंगवर टेकते, आणि रिंग जशी सरकेल तशी व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकते. कॅम नाही म्हणजे रेंजफाइंडर जोडलेला नाही, इतकं साधं आहे. काही लांब फोकलच्या जुन्या लेन्सला, ९० आणि १३५ वगैरे, पूर्ण रिंगऐवजी जिभेसारखा तुकडा असतो, तोही चालतो, फक्त झोर्की-फेडच्या बॉडीवर तो नीट टेकेलच असं नाही.

आणि एम४२ वेगळं, ते ४२ मिलिमीटर, पेंटॅक्स आणि प्राक्टिकाचं. त्याचेही एम बॉडीसाठी अडॅप्टर मिळतात पण रेंजफाइंडर चालत नाही, अंतर डोळ्याने मापून फोकस करावा लागतो. २८ मिमी असेल तर एक वेळ जमतं. ५० च्या नादाला मी तरी लागलो नसतो.

हातात घेऊन बघायचं काय

मुंबईत अशा लेन्स मिळण्याच्या मुख्य जागा दोन. फोर्टात बोरा बाजार आणि आसपासच्या गल्ल्या, तिथे कॅमेऱ्याची दुकानं आणि रिपेअरवाले दोन्ही आहेत, आणि दुसरा चोर बाजार. ऑनलाइन घेतली तर निदान परत करायची सोय आहे का बघा. काहीही असो, मोबाइलचा टॉर्च खिशात असतोच, तो वापरा.

अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडा, टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा, मग उलटं करा. धूळ चार-दोन कण असतीलच, सोडून द्या. बुरशी म्हणजे फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा झाडाच्या मुळांसारखी दिसते, बहुतेक वेळा कडेपासून आत येते. मुंबईत राहिलेल्या लेन्समध्ये ही असण्याची शक्यता भरपूर. कडेला जरा असेल आणि भाव कमी होत असेल तर घ्या, साफ होते, पण खूप दिवस राहिलेली बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि तो डाग मग जात नाही. तिसरी गोष्ट धुरकटपणा, ज्याला हेझ म्हणतात. हा साध्या उजेडात दिसतच नाही, टॉर्च लावला की सगळी काच दुधाळ होते. जुन्या कॅननच्या ५० मिमी लेन्समध्ये अॅपर्चरच्या मागच्या काचेवर हा नेहमी सापडतो, माझ्या मामाच्या लेन्समध्येही होता, रिपेअर करणाऱ्या काकांनी उघडून पुसला आणि नशिबाने काच खराब झालेली नव्हती. कित्येकांच्या बाबतीत काचच खाल्लेली निघते, मग काही करता येत नाही.

समोरच्या काचेवर बारीक ओरखडे असतील तर एवढं घाबरू नका. १९५० च्या आधीच्या लायका लेन्सच्या काचा आणि कोटिंग मऊ होते, सुम्मारची पुढची काच तर फारच मऊ, त्यामुळे लोकांनी शर्टाने पुसून पुसून ओरखडे पाडलेत. त्याने फोटोतला कॉन्ट्रास्ट कमी होतो, शार्पनेस फारसा नाही. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तरी या लेन्समध्ये अडत नाही, पाती स्प्रिंगने चालत नाहीत, आपण हाताने फिरवतो. एसएलआर लेन्समध्ये तेच तेल धंदा बसवतं.

फोकस रिंग घट्ट असेल तर जुनं ग्रीस सुकलंय. जोर लावू नका आणि वरून तेल तर अजिबात सोडू नका, ते काचेपर्यंत जातं. उघडून, साफ करून, नवीन ग्रीस भरायला द्यायचं. देताना एवढं विचारा की आधी हे काम केलंय का, कारण आतल्या फोकसच्या आट्यांना सुरुवातीच्या बऱ्याच जागा असतात, चुकीच्या जागेवरून फिरवून बसवलं तर लेन्स दिसायला नीट पण फोकस कायमचा चुकलेला.

एक सावधगिरी. सोन्याचा मुलामा, लाकडी पट्ट्या, लष्करी चिन्हं असलेला "लायका" आणि त्यावर "एल्मार" दिसली तर बहुतेक तो झोर्की किंवा फेड असतो ज्यावर नाव नव्याने कोरलंय, आणि लेन्स असते इंडस्टार-२२. वाईट लेन्स नाही ती, पण लायकाचा भाव देऊ नका.

पहिल्यांदा घेणाऱ्याने काय घ्यावं असं विचाराल तर माझं स्पष्ट मत, कॅनन ५० एफ १.८ किंवा ज्युपिटर-८. ज्युपिटर-८ म्हणजे ५० मिमी एफ २, झाइसच्या युद्धाआधीच्या झोनारवरून बनवलेली, स्वस्त, हलकी, आणि फोटोला एक मऊ गोलाई देते जी मला माणसांच्या चेहऱ्यांसाठी खूप आवडते. ३५ मध्ये ज्युपिटर-१२ चांगली आहे पण तिची मागची काच फुग्यासारखी आत घुसते. लायका एम५ आणि सीएल मध्ये मीटरची दांडी शटरच्या पुढ्यात येते, तिला ही काच धडकते, तिथे लावू नका. बाकी बॉडीतही आधी विचारून मगच.

अडॅप्टर घेताना

तीन प्रकार मिळतात आणि दुकानदाराला बहुतेक वेळा फरक माहीत नसतो. एकावर २८-९० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ३५-१३५, तिसऱ्यावर ५०-७५. जाडी तिघांची तीच, फरक फक्त बायोनेटच्या एका कानाच्या लांबीत. तो कान बॉडीतली एक कळ दाबतो आणि त्याप्रमाणे व्ह्यूफाइंडरमध्ये चौकट उमटते. चुकीचा घेतला तर फोटो बिघडत नाही, फक्त ३५ च्या लेन्सला ५० ची चौकट दिसते आणि तुम्ही अंदाजाने फ्रेम करत बसता. माझ्या बेसामध्ये चौकट हाताने निवडायची असते त्यामुळे मला कुठलाही चालतो, लायका एम वाल्यांनी मात्र लेन्सप्रमाणेच घ्यावा. एम३ मध्ये ३५ ची चौकटच नाही, तिथे वरच्या शूवर वेगळा फाइंडर लावा.

डिजिटल लायका असेल तर अडॅप्टरवर सहा ठिपक्यांच्या कोडची जागा असलेला घ्या, नाहीतर मेनूत लेन्स ओळखण्याचं सेटिंग बंद करा किंवा हाताने निवडा.

स्वस्त घ्यावा की महाग? व्होइग्टलेंडरचे अडॅप्टर, किंवा लायकाचे स्वतःचे जुने मिळाले तर डोळे मिटून घ्या. अगदी स्वस्त, बिननावाचे, यातले काही चांगले निघतात आणि काही नाहीत आणि बाहेरून कळत नाही. म्हणून मोजायचे. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात मायक्रोमीटर मिळतो, कुणा ओळखीच्याचा वर्कशॉप असेल तर तिथेच जा, दोन मिनिटांचं काम आहे. लेन्स टेकते तो पृष्ठभाग आणि बॉडीला टेकतो तो पृष्ठभाग, यातली जाडी चार ठिकाणी मोजा. सगळीकडे १.०० यायला पाहिजे. एका बाजूला १.०० आणि दुसऱ्या बाजूला १.०४ आलं तर तो अडॅप्टर वाकडा आहे, फोटोची एक बाजू मऊ येणार. साधा व्हर्नियर यासाठी पुरत नाही, त्याची स्वतःचीच चूक दोन-तीन शतांश मिलिमीटर असते.

एवढ्या बारीक मापाने काय बिघडतं? अडॅप्टर ०.०५ मिलिमीटर जाड आहे समजा. ५० मिमी लेन्स मग अनंतावर, म्हणजे खूप लांबच्या वस्तूंवर, जाण्याऐवजी ५० मीटरवरच थांबते. अॅपर्चर लहान केलं तर ही चूक झाकली जाते, उघड्या अॅपर्चरला लांबच्या इमारती मऊ येतात.

यात एक गंमत आहे जी कळायला मला वर्ष लागलं. ५० मिमी लेन्समध्ये लेन्स आणि कॅम बरोबरीने सरकतात. अडॅप्टर जाड असला की लेन्सही पुढे जाते आणि कॅमही तेवढाच पुढे जातो, म्हणजे रेंजफाइंडर खोटं बोलत नाही, तो जिथे जुळवाल तिथेच फोकस येतो, फक्त अनंत गाठता येत नाही. पण ३५ किंवा ९० मध्ये तसं नाही. तिथे लेन्स वेगळी सरकते आणि कॅम वेगळा, त्यामुळे त्याच ०.०५ मध्ये रेंजफाइंडर एक सांगतो आणि लेन्स दुसरंच दाखवते. म्हणून एकाच अडॅप्टरवर ५० ठीक चालली म्हणून ९० पण ठीक चालेल असं समजू नका, ९० वेगळी तपासा.

बसवायची पद्धत

अडॅप्टर आधी लेन्सवर बसवायचा, बॉडीवर नाही. लेन्स तोंड खाली करून मऊ कापडावर ठेवा, अडॅप्टर आडवा टेकवा, आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवा, आटे जुळले की एक बारीक "टक" हाताला लागतो, मग सुलट फिरवा. शेवटपर्यंत बोटांनीच जायला पाहिजे. दीड आट्यात अडकला तर थांबा, काढा, ब्रशने आटे साफ करा, परत करा. अॅल्युमिनियमच्या सोव्हिएत लेन्सचे आटे मऊ असतात, एकदा चिरडले की गेलेच.

शेवटी बोटांनी घट्ट झालं की बस. आणखी पिळायचं नाही. मी एकदा पिळला होता, मग लेन्स काढताना लेन्स अडॅप्टरमधून सुटून आली आणि अडॅप्टर बॉडीतच राहिला. असं झालं तर लेन्स सोडवायचं बटण दाबून धरा, रबरी हातमोजा घालून चकतीची कड बोटांनी दाबून फिरवा, निघतो. स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका, बाजूलाच शटर आहे.

मग लाल ठिपका बघून बॉडीवर लावा, क्लिक होईपर्यंत. लेन्सवरची अंतराची खूण बरोबर वर यायला पाहिजे. जपानी आणि जर्मन लेन्सची येते, सोव्हिएत लेन्सची कधी अकराच्या काट्यावर कधी एकच्या. त्याने फोकस बिघडत नाही. काढताना लेन्सला बुडाशी धरा, फोकस रिंगला किंवा पुढच्या भागाला धरून फिरवलंत तर लेन्सचेच तुकडे सुटे व्हायला लागतात.

मिटणाऱ्या लेन्स, म्हणजे एल्मार, इंडस्टार-२२, सुम्मितार वगैरे, बाहेर ओढून उजवीकडे फिरवून लॉक केल्याशिवाय फोटो काढू नका, सगळा रोल धूसर येतो. डिजिटल बॉडीत आणि आत मीटर किंवा काही अडथळा असलेल्या बॉडीत त्या आत ढकलूच नका. बेसात मी कधीच मिटवत नाही.

मरीन ड्राइव्हची टेस्ट

आता मुख्य काम. लेन्स, अडॅप्टर आणि बॉडी हे तिघं मिळून नीट चालतात का हे तुम्हालाच तपासायचंय. कुणी कितीही सांगितलं "टेस्टेड आहे" तरी ते त्यांच्या बॉडीवर.

पहिली टेस्ट अनंताची. अंधार पडल्यावर नरिमन पॉइंटच्या टोकाला जा, कठड्यावर कॅमेरा टेकवा आणि पाण्यापलीकडे मलबार हिलच्या दिव्यांकडे बघा. सुमारे ३ किलोमीटर अंतर आहे, आपल्या कामाला ते अनंतच. एक एकटा दिवा निवडा. फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवा आणि बघा, मधल्या चौकोनात दिवा एकच दिसतो की दोन.

माझ्या पहिल्या अडॅप्टरवर दोन दिसत होते. रिंग टोकाला लागलेली, तरी एका दिव्याच्या डावीकडे त्याचाच फिकट जुळा, केसाएवढी फट. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, दिवा बदलला, प्रत्येक दिव्याला तोच जुळा. मित्राचा व्होइग्टलेंडरचा अडॅप्टर त्याच लेन्सवर लावला आणि दिवे एक झाले, टोकाच्या जरा आधीच. दुसऱ्या दिवशी मोजला तर माझा १.०६ होता.

दोन दिसले तर लगेच अडॅप्टरला दोष देऊ नका. बॉडीचा रेंजफाइंडरच हललेला असू शकतो. एखादी खरी एम लेन्स लावून बघा, तिच्यावर एकच दिसलं तर बॉडी ठीक. एम लेन्स नसेल तर आट्यांच्या दोन वेगळ्या लेन्स त्याच अडॅप्टरवर लावा. दोन्ही सारख्याच चुकल्या तर अडॅप्टर किंवा बॉडी, एकच चुकली तर ती लेन्स.

दुसरी टेस्ट जवळची, घरी. टेबलावर काडेपेट्या तिरक्या ओळीत उभ्या करा, पाच-सहा, प्रत्येक मागची आधीच्यापेक्षा ३ सेंटिमीटर लांब. मधलीवर पेनने फुली मारा. कॅमेरा तिच्यापासून १ मीटरवर ट्रायपॉडवर ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडं, फुलीवर रेंजफाइंडर जुळवा. फिल्म कॅमेऱ्यात रोल न घालवता बघायचं असेल तर मागचं दार उघडा, शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर, उघडं धरा आणि फिल्म जिथे सपाट पसरते त्या दोन रुळांवर धुरकट चिकटपट्टी ताणून लावा, चिकट बाजू रुळांना, पडद्याला अजिबात लागू देऊ नका. खोलीत अंधार करा, काडेपेट्यांवर टेबललँप सोडा आणि पट्टीवर पडलेली उलटी प्रतिमा भिंगाने बघा. कुठली काडेपेटी सगळ्यात टोकदार आहे? फुलीवाली असेल तर झालं. लाइव्ह व्ह्यू असलेला डिजिटल लायका असेल तर हे सगळं दोन मिनिटांत स्क्रीनवर दिसतं. मिररलेसवर लावून बघितलंत तर फक्त काच चांगली आहे का ते कळेल, रेंजफाइंडरची जोडणी नाही.

ज्युपिटरचा घोळ

ही टेस्ट न करता मी ज्युपिटर-८ घेऊन मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. पाळण्याजवळ वाकून, एफ २ वर, एक मीटरवरून, डोळ्यांवर नीट जुळवून चौदा फोटो काढले. रोल धुऊन आला तर प्रत्येक फोटोत बाळाचे डोळे मऊ आणि कुंचीच्या कानामागच्या नाडीचे धागे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. ताईने "छान आलेत रे" म्हटलं पण मला ते फोटो बघवत नाहीत.

कारण असं की लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरची लेन्स धरून बनवलेला आहे, सोव्हिएत ज्युपिटर झाइसच्या ५२.४ च्या हिशोबावरून आलेल्या. लांब फरक पडत नाही, पण १ मीटरवर कागदावर हिशोब केला तर फोकस साधारण ३ सेंटिमीटर मागे जातो, आणि ५० मिमी एफ २ ला १ मीटरवर पुढेमागे मिळून स्पष्ट भाग असतो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. म्हणजे बाहेरच. झोर्कीवर तीच लेन्स नीट चालते. त्यात प्रत्येक लेन्स कुणीतरी कधीतरी उघडलेली, त्यामुळे तुमची नेमकी किती चुकते ते काडेपेट्याच सांगतील.

उपाय दोन. एक म्हणजे जवळून काढताना एफ ४ च्या पुढे राहा, किंवा जुळवल्यावर अंगानेच दोन-तीन सेंटिमीटर मागे सरका, सवयीने जमतं. दुसरा म्हणजे लेन्सचा काचेचा गाभा आणि फोकसचा भाग यांच्यामध्ये पातळ धातूची चकती असते, शिम म्हणतात, ती सुमारे ०.१ मिलिमीटरने जाड करायची. मग जवळचं जुळतं पण अनंत थोडं जातं, रेंजफाइंडर अनंत म्हणेल तेव्हा लेन्स तीसेक मीटरवर असेल, आणि ते एफ ४ पासून पुढे झाकलं जातं. मी हेच करून घेतलं कारण उघड्या अॅपर्चरला मी माणसंच काढतो, डोंगर नाही.

रस्त्यावर वापरताना

या लेन्स बहुतेक १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत, काही अंतरं फुटात असतात, साडेतीन फूट म्हणजे तेच. जुन्या एल्मारवर अॅपर्चरचे आकडे ४.५, ६.३, ९, १२.५ असे असतात, मीटरने ५.६ सांगितलं तर ६.३ च्या किंचित आधी ठेवा, एवढं पुरे. पुष्कळ लेन्समध्ये फोकस फिरवला की पुढचा भागही फिरतो आणि अॅपर्चरला क्लिक नसतात, म्हणून आधी फोकस, मग अॅपर्चर, आणि शेवटी एक नजर.

भुलेश्वर किंवा दादरच्या फुलबाजारात रेंजफाइंडर जुळवायला वेळच नसतो. तिथे ३५ मिमी एफ ८ वर ठेवा आणि ३ मीटरवर लावा, साधारण १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं येतं. ५० मध्ये तेच केलं तर २.३ ते ४.२ एवढंच, त्यामुळे ५० ला गर्दीत जरा अंदाज पक्का लागतो.

हूड लावाच. कोटिंग नसलेल्या किंवा एकच थर असलेल्या लेन्स, आणि आपल्याकडचं दुपारचं पांढरं आकाश, हूड नसेल तर सगळं फिकट. ज्युपिटर-८, ज्युपिटर-१२, इंडस्टार-६१ यांचे फिल्टरचे आटे ४०.५ मिलिमीटर, ते हूड सहज मिळतात. कॅनन ५० एफ १.८ ला ४० लागतो, तो शोधावा लागतो.

आणि हे जरूर पाळा. फिल्म लायका, झोर्की, फेड यांचं शटर कापडी आहे आणि मध्ये आरसा नाही. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर भिंगासारखा किरण पडद्यावर पडतो आणि कापडाला भोक पडतं. चौपाटीवर बसताना कॅमेरा मांडीवर वर तोंड करून ठेवायचा नाही, टोपी लावायची, टोपी नसेल तर फोकस जवळच्या अंतरावर आणि अॅपर्चर एफ १६ वर. कॅनन पी, कॅनन ७ आणि बेसाचे पडदे धातूचे, पण तिथेही सवय चांगलीच. झोर्की ४ वर आणखी एक, शटर ओढल्याशिवाय स्पीडची चकती फिरवू नका, आतली यंत्रणा बिघडते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या लेन्सना मुंबईत जपावंच लागतं. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, जुनं चामडं ओल धरून बसतं आणि बुरशीला तेच हवं असतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. ३० च्या खाली पण नको, ग्रीस सुकतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरा, भांडं मात्र खाण्याचं नको. जमत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या, दोन-तीन लेन्स झाल्या की ते परवडतं. लेन्सची मागची टोपी घट्ट बसवा आणि अडॅप्टर लेन्सवरच राहू दे, म्हणजे रोजची काढघाल आट्यांची होत नाही, एम ची मागची टोपी लागेल तेवढी.

एसी लोकलमधून दादरला उतरलात आणि लगेच पिशवीतून कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ बसते, आतही. उतरायच्या आधी झिपच्या पिशवीत घालून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. रुमालाने पुसत बसू नका, मऊ कोटिंगवर ओरखडे असेच पडतात.

मी पावसाळ्यातही दर रविवारी लेन्स बाहेर काढतो, टॉर्च लावून कडा बघतो, फोकस आणि अॅपर्चर या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवतो आणि परत डब्यात ठेवतो. मामाच्या कॅननची रिंग आता एका बोटाने फिरते.